अक्षतेचा दाणा

चौथ्यांदा पिस्तूल अडकलं तेव्हा मी हात खाली घेतला, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि मागे वळून आईकडे पाहिलं. ती काचेपलीकडच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली होती. माझी नजर चुकवून ती डब्याचं आधीच घट्ट बसलेलं झाकण आणखी घट्ट करत होती. वीस गोळ्यांत चार वेळा अडकलं होतं आणि सामना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होता.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुण्यातल्या एका रेंजवर राज्याच्या संघाची निवड होती आणि मी कागलहून माझं टू-टूचं पिस्तूल घेऊन आले होते. हे पिस्तूल नेमबाजीच्या सामन्यासाठीच बनवलेलं असतं, लांब नळीचं आणि हाताच्या मापाच्या लाकडी मुठीचं. इंगवले सरांनी स्वतःचं जुनं पिस्तूल रीतसर माझ्या लायसन्सवर करून दिलं होतं. सर फौजेतून आलेले. देताना त्यांनी एकच अट घातली होती, की याला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये.

त्या सकाळी सर रेंजवर नव्हते. सणाला घरी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने येणार होते. रेंजवरचा हत्यारं दुरुस्त करणारा मनुष्य दसऱ्यासाठी गावी गेलेला. तपासणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी घड्याळाकडे बोट दाखवून मला शांतपणे सांगितलं, की पाच वाजता टेबल बंद होईल, त्याआधी चालू स्थितीतलं पिस्तूल दाखवा, नाहीतर उद्या नाव येणार नाही. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

नाव येण्या-न येण्यावर माझं काय लटकलेलं होतं तेही सांगायला हवं. आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, कागलला एक शेड होती, त्यात लोखंड कातायचे दोन लेथ. माझी नेमबाजी त्यांनी आधी हसण्यावारी नेली. मग रस्त्यात लोक विचारायला लागले, पोरीला पोलिसात घालणार काय, दरोडे घालायला लावणार काय, तसं त्यांचं हसू आटलं. त्या आषाढात त्यांनी जेवताना निकाल देऊन टाकला. या खेपेला राज्याच्या संघात आली तर पुढचं बघू, नाही आली तर दिवाळी झाली की निपाणीच्या मंडळींना होकार कळवायचा. निपाणीचा मुलगा वाईट नव्हता. फक्त लग्न झालेल्या बाईने पिस्तूल घेऊन हिंडू नये असं त्याच्या मामांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं होतं.

आण्णा शब्दाला पक्के. "त्या लोखंडाकडं मी बघणार पण न्हाई," असं ते म्हणाले आणि खरंच बघेनासे झाले. रोज संध्याकाळी दिवे लागले की मी बैठकीच्या खोलीत सराव करायचे. सरांच्या शिस्तीप्रमाणे आधी बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता लोखंडी ठोकळा, मागे ओढायचा, खटका लावून तो तिथेच अडकवायचा, चेंबर, म्हणजे गोळी बसायची जागा, रिकामं आहे का ते बघायचं आणि मगच रिकामं पिस्तूल हातात धरून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर अर्धा तास उभं राहायचं. मी पिस्तुलाची पेटी उघडली रे उघडली की आण्णा आपली खुर्ची उचलायचे, माझ्याकडे पाठ करायचे आणि दाराजवळ, त्यांच्या दाढीचा आरसा टांगलेल्या भिंतीकडे तोंड करून, पेपर उघडून बसायचे. त्या पाठीकडे बघून माझा हात अधिकच स्थिर राहायचा, हे मात्र खरं. राग कधीकधी कामाला येतो.

तर साडेअकरा वाजता मी रेंजच्या मागच्या व्हरांड्यात, हत्यारं पुसायच्या लांब टेबलाशी जाऊन बसले. आई मागोमाग आली. शेजारच्या आक्कांनी बांधून दिलेल्या दशम्या तिने पुढे केल्या, मी नको म्हटलं, तिने त्या परत बांधल्या. मग माझ्यापासून चांगलं दोन हात अंतर ठेवून ती बाकाच्या टोकाला टेकली.

"काय झालंय त्याला?" तिने विचारलं.

तेच बघायला बसले होते. या बारीक गोळीचं बूड पातळ असतं. त्या बुडाच्या काठावर टाचणीसारखी पिन आपटली की बार उडतो. गोळी चेंबरमध्ये केसभर जरी मागे राहिली, तरी पिन नीट आपटत नाही. माझ्या गोळ्या अशाच मागे राहत होत्या. कुठेतरी काहीतरी आडवं येत होतं.

मी चेंबर पुन्हा एकदा तपासलं, नळी सोडवली, बोल्ट आणि त्याची लांब स्प्रिंग बाहेर काढली. इथवर मी शंभर वेळा केलेलं होतं. गजाला चिंधी बांधून नळीतून एकच फेरी मारली, कारण सामन्याआधी नळी फार घासली तर पहिल्या गोळ्या वाट चुकतात असं सरांचं म्हणणं होतं. या गोळ्यांची काजळी मेणचट आणि काळी असते. चिंधी तशीच काळी निघाली. मग मी दुसरी चिंधी बोल्टच्या तोंडावरून फिरवली आणि ती गुलाबी झाली.

मी ती नाकाजवळ नेली. कुंकू होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. कोयता, विळी, शिवणयंत्र, सायकल, सगळ्यांना हळदकुंकू वाहतात. त्या नवमीला मी दिवसभर कोल्हापुरात होते, पिस्तूल पुण्याला न्यायच्या परवानगीचं पत्र आणायला. संध्याकाळी घरी आले तर पिस्तुलाच्या पेटीवर हळदकुंकवाचा टिळा दिसला. मी तो पुसला आणि मागच्या दारात बसलेल्या आईला ओरडून सांगितलं, की पेटीपर्यंत ठीक आहे, आत हात लावत जाऊ नकोस. तिने तिथूनच मान हलवली. आक्कांच्या घरून आलेलं ताट मी कसंबसं संपवलं आणि झोपले. त्या दिवसांत मला नळीपलीकडचं काही दिसतच नव्हतं. पेटीचं कुलूप माझं होतं, पण किल्ली देवघरातल्या डबीत असायची.

मी बोल्ट उजेडात तिरका धरला. बोल्टच्या तोंडाशी एक बारीक आकडा असतो, गोळी उडाल्यावर रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकणारा. त्या आकड्याच्या पोटात तांदळाचा एक दाणा चेंगरून बसला होता. कुंकवात भिजलेला, तेलाने फुगलेला अक्षतेचा दाणा. त्यामुळे आकडा गोळीच्या काठावर बसत नव्हता आणि बोल्ट पुरता मिटत नव्हता.

मग मी आईला बोलले. काय बोलले ते सगळं आता आठवत नाही आणि आठवतं तेवढं लिहायची इच्छा नाही. माझ्या आयुष्याचं वाटोळं करायचं होतं तर सरळ सांगायचं होतंस, इतपत सांगते. व्हरांड्यात पलीकडे पुण्याच्या दोन मुली त्यांची पिस्तुलं पुसत होत्या. त्या हात थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मान खाली घातली.

"झालं ते झालं, वैजू," ती म्हणाली. "आता काढायचं कसं ते बघ."

तिने आपल्या पर्समधून सुई काढली. आई घरी ब्लाउज शिवायची, सुईदोरा तिच्याकडे कायम असायचा. तिने ती सुई माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. मी सुईने वरचा भाग खरवडून काढला. खालचा मात्र आकड्याच्या आत पार घट्ट बसला होता. आकडाच काढावा लागणार होता आणि आकड्याला मी कधी हात लावला नव्हता. ते तुझं काम नव्हे, असं सरांनी बजावलेलं होतं. आकड्यामागे एक दट्ट्या असतो, दट्ट्यामागे जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढी स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग उडायला टपलेलीच असते.

"काढ," आई म्हणाली. "तुझा रुमाल पसर. काढशील तसं डावीकडनं मांड. घालताना उजवीकडनं उलटं यायचं. मी मशीनचं शटल असंच खोलते."

मी रुमाल पसरला. नळी, बोल्ट, लांब स्प्रिंग, सगळं तिने सांगितलं तसं ओळीने मांडलं. मग सुईने दट्ट्या मागे दाबला, आकडा बोटाने बाहेर सरकवला. आकडा निघाला. त्याच्याखालचा पिवळट लगदाही निघाला. त्या आनंदात माझं बोट सैल पडलं, दट्ट्या टेबलावर घरंगळला आणि स्प्रिंग कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही. व्हरांड्याच्या फरशीवर कुठेतरी टिक् असा आवाज तेवढा झाला.

मी उठून एक पाय उचलला.

"हलू नकोस," आई म्हणाली. इतक्या जोरात ती माझ्याशी क्वचितच बोलते. "पाय टेकवू नकोस. पोरींनो, तुम्ही पण हाय तिथंच थांबा."

पुण्याच्या मुली खिळून उभ्या राहिल्या. सुई पडली की उभ्याने शोधायची नसते, हे आईचं ठाम मत. तिने पदर खोचला, खाली बसली आणि सरळ गाल फरशीला लावून आडवी झाली. उन्हाची तिरीप जिकडून येत होती तिकडे तोंड करून, एक डोळा मिटून, ती फरशी न्याहाळायला लागली. येणारेजाणारे नेमबाज आपली महागडी जाकिटं सावरत तिला वळसा घालून जात होते. सकाळची मी असते तर लाजेने मेले असते. पण तेव्हा मी एका पायावर बगळ्यासारखी उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या मिटलेल्या डोळ्याकडे होतं.

दहा मिनिटं गेली असतील. मग तिने हात लांब केला आणि कुंडीच्या कडेशी पडलेलं काहीतरी पदराच्या टोकात उचललं. उठली, माझ्या तळहातावर पदर वरूनच झटकला. स्प्रिंग माझ्या हातात पडली.

काढणं एकटीने जमलं होतं, घालणं जमेना. स्प्रिंग आत, तिच्यावर दट्ट्या, दट्ट्या सुईने दाबून धरायचा आणि त्याच क्षणी आकडा बाजूने आत सरकवायचा. त्याला तीन हात लागतात. माझे दोनच. तीनदा प्रयत्न केला, तीनदा स्प्रिंग अर्ध्यातून परत आली. दोन वाजले, अडीच वाजले. आई बाकाच्या टोकाला हात मांडीवर बांधून बसली होती आणि तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"आई, धर की जरा," मी म्हणाले.

"मी न्हाई हात लावत."

मला वाटलं, मघाशी बोलले ते तिच्या मनाला लागलंय. मला रडू आलं. रडत रडत मी म्हणाले, की माझं चुकलं, पाया पडते तुझ्या, पण आता धर. मग डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली.

"देवीला मी सांगीन नंतर," ती म्हणाली. "सरक तिकडं."

आणि माझी आई, जिने तोवर माझ्यासमोर पिस्तूल कधी हातात घेतलं नव्हतं, तिने बोल्ट डाव्या मुठीत असा धरला की जणू जन्मभर तेच करत आली होती. सुईच्या टोकाने दट्ट्या दाबला. तिचा हात तसूभर हलला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की माझा हात स्थिर आहे म्हणून सर जे कौतुक करायचे, तो हात मला कुणाकडून मिळाला.

"आता," ती म्हणाली. मी आकडा सरकवला. टक् करून तो जागेवर बसला.

मग उजवीकडून उलटं येत लांब स्प्रिंग, बोल्ट, नळी, सगळं एकेक घालत गेलो. आई बोटाने दाखवायची, मी बसवायचे. दोन थेंब तेल आणि कोरड्या चिंधीने एक पुसणं. पलीकडच्या दोन मुली केव्हा आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. रुमालावर काही उरलेलं नाही याची आईने तो झटकून खात्री केली. चार वाजता मी वीस गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही. साडेचारला तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाला कागदी चिकटपट्टी लागली. मी आईला मिठी मारायला गेले तर ती म्हणाली, आधी हात धू, काळे झालेत.

रेंजच्या फाटकाशी गणपतीचं एवढंसं देऊळ आहे. बाहेर पडताना मी चपला काढल्या. आमची आई रस्त्यातल्या शेंदूर लावलेल्या दगडालाही हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. ती मात्र रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"चल की," मी म्हणाले.

"तू ये जाऊन. मी हितंच थांबते."

"का?"

"तुला कळत न्हाई व्हय गं? बाजूला हाय मी."

मी पुढे गेले, घंटेला हात लावला आणि तसाच खाली घेतला. आक्कांच्या घरचं ताट, आक्कांच्याच दशम्या, मागच्या दारात बसलेली आई, टेबलावरून सरकवलेली सुई, पदरातून झटकलेली स्प्रिंग, सगळं माझ्यासमोर त्या रुमालावरच्या ओळीसारखं मांडलं गेलं. मी परत रस्ता ओलांडला.

"कधीपासून?"

"नवमीच्या पहाटेपासनं."

पाळीमुळे बाजूला असताना आमची आई देवाच्या समईलाही हात लावत नाही. तिने पूजा करून अक्षता टाकणं शक्यच नव्हतं. घरात तिसरं माणूस एकच होतं, आणि ते दर खंडेनवमीला शेडमध्ये स्वतःच्या हाताने लेथ पुसून पूजा करतं.

"मी एवढी बोलले तुला," मी म्हणाले. "गप्प का बसलीस?"

"माझ्यावरचा राग तुझा घटकाभराचा. त्यांच्यावरचा तू धरून बसली असतीस, आणि उद्या हात हलला असता." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "आणि त्यांनी शपथ घातली होती, सांगायचं न्हाई म्हणून. मी कुठं सांगितलं? तूच विचारलंस."

दुसऱ्या दिवशी मी संघात आले, शेवटच्या जागेवर का होईना, हे इथेच सांगून टाकते. निपाणीच्या मंडळींना कुणी काय कळवलं ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. विषय पुन्हा निघाला नाही एवढं खरं. आता माझ्या हाताखाली मुली शिकतात, आणि खंडेनवमीला मी त्यांना पिस्तुलं पूजेला मांडू देते, फक्त बोल्ट बंद करून. पण सामन्याच्या आदल्या त्या संध्याकाळी, फाटकासमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आई बाहेर उभी राहून दशमी खात होती. मी शेडचा नंबर फिरवला.

आण्णांनी उचलला. मागे लेथ घरघरत होता.

"आण्णा, मी वैजू."

लेथ बंद झाला. पोचलात का, आई बरी आहे का, जेवलात का, असं सगळं त्यांनी एका दमात विचारलं. मी सगळ्याला हो म्हटलं. बूथमधल्या मीटरवर बिल पुढे सरकत होतं.

"मशीन बरं चालतंय?" त्यांनी विचारलं. आषाढापासून ते त्याला लोखंड म्हणत आले होते.

"एकदम झ्याक."

"मग बरं."

मी फोन ठेवायला हवा होता. पण राहवलं नाही.

"आण्णा, बोल्ट मागं ओढून खटका लावल्याशिवाय पिस्तुलाचं तोंड उघडत नाही. तुम्हाला कुणी दाखवलं?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चुकलं काय माझं?" ते म्हणाले. "लेथला मी चकचा जबडा उघडूनच दाणे टाकतो. कामाचं तोंड तिथं असतंय. वरवर टिळा लावून काय उपयोग?"

"नाही आण्णा, काही चुकलं नाही. विचारते आपली. खटका कसा कळला?"

"रोज संध्याकाळी तू लावतीस की."

"तुम्ही तर माझ्याकडं पाठ करून बसता."

"समोर आरसा हाय न्हवं," आण्णा म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा लेथ सुरू झाला.